‘वनस्पती आढळली नाही’ : एका ओळीवर सही करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
किनाऱ्यालगतच्या समुद्रातील कामांना मंजुरी देणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

विषय : समुद्री गवताच्या जागा आणि त्यावर वाढणारे मासे

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

समुद्रातल्या कामांचे अहवाल वाचायची मला खोड आहे. धक्का बांधणे, खाडीचे तोंड खोल करणे, तळातून वाहिनी टाकणे, भराव घालून जमीन करणे. काम कुठलेही असो, अहवाल जाडजूड असतो आणि त्यातली एक ओळ ठरलेली असते : ‘प्रकल्पक्षेत्राचा तळ वालुकामय असून वनस्पती आढळली नाही.’ ही ओळ आली की पुढचे सगळे सोपे होते. वनस्पती नाही म्हणजे अधिवास नाही, अधिवास नाही म्हणजे माशांचे नुकसान नाही, नुकसान नाही म्हणजे अटीही थोड्या. तुम्ही सही करता आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते.

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

अशाच एका अहवालाची परिशिष्टे मी हट्टाने शेवटपर्यंत चाळली. पाहणी दोन दिवस झाली होती आणि तिच्या तारखा बारीक टायपात, एका तक्त्याच्या तळटीपेत होत्या. त्या दिवसांत तिथले पाणी वर्षातले सर्वांत गढूळ असते. त्या भागात जे गवत उगवते, त्याची पानेही तेव्हा तळावर नसतात. पाहणी करणाऱ्यांनी खोटे काहीच लिहिले नव्हते. ते गेले, पाहिले, दिसले नाही, तसे लिहिले. ‘केव्हा पाहिले?’ एवढा एकच प्रश्न कुणी विचारला नाही. अहवाल मंजूर झाला.

पेरणीआधी शेतावर जावे, ढेकळे बघावीत आणि ‘येथे काही पिकत नाही’ असा पंचनामा करून यावे, तसा हा प्रकार. जमिनीवर असा पंचनामा कुणी केला तर गाव हसेल. पाण्याखाली तो चालून जातो, कारण तिथे हसायला कुणी नसते.

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे, हे तुमच्यातल्या अनेकांना माहीत आहे. तरी अहवालांत दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेली दिसतात म्हणून सांगते. शेवाळाला मुळे नसतात. ते खडकाला धरून राहते आणि अंगानेच पाण्यातले अन्न घेते. समुद्री गवत ही खरीखुरी सपुष्प वनस्पती आहे. जमिनीवरच्या वनस्पतींपैकी काहींचे वंशज कोट्यवधी वर्षांपूर्वी पुन्हा समुद्रात गेले, त्यांतून आजच्या सुमारे 70 जाती आल्या. त्यांना फुले येतात, पराग पाण्यातून वाहत जातात, बी धरते. आणि त्यांचे आडवे खोड हरळीसारखे वाळूखालून पसरत जाते. हरळी उपटायचा प्रयत्न ज्याने केला आहे त्याला सांगायला नको की वर दिसते ते झाड अर्धेच असते. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया ओशिआनिका या जातीत तर जुनी खोडे, मुळे आणि गाळ यांचा थर साठत साठत काही मीटर जाड होतो. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे या उपसागरात पोसिडोनियाच्याच दुसऱ्या एका जातीचे एकच रोप सुमारे 180 किलोमीटर पसरलेले असल्याचे 2022 मध्ये जनुकीय तपासणीतून उघड झाले. त्याचे वय अंदाजे 4,500 वर्षे धरले जाते. एका बीपासून!

पण ही झाली दीर्घायुषी मंडळी. अहवालांत हरवतात ती दुसऱ्या टोकाची. हॅलोफिला नावाच्या गटात बोटाच्या पेराएवढ्या पानांच्या नाजूक जाती आहेत. ग्रेट बॅरिअर रीफच्या आतल्या बाजूला, खोल पाण्यात यांची कुरणे साधारण जुलै ते डिसेंबर दिसतात. उरलेले महिने तिथे नुसती वाळू, आणि त्या वाळूत बी. थंड समुद्रांतल्या ईलग्रास या समुद्री गवताचेही काही ठिकाणी असेच असते : झाड वर्षाचे, हिवाळा बियांच्या रूपात काढायचा. म्हणजे फेब्रुवारीत पाणबुड्या उतरवला तर ‘रिकामी वाळू’, आणि सप्टेंबरात उतरवला तर कुरण. जागा तीच असते, तारीख तेवढी वेगळी.

हा झाला वर्षाचा हिशेब. दशकांचा हिशेब याहून अडचणीचा आहे आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

अमेरिकेच्या चेसापीक उपसागराच्या माथ्याशी सस्क्वेहाना फ्लॅट्स नावाचे उथळ पठार आहे. जून 1972 मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुराने तिथे इतका गाळ आणला की पाण्याखालच्या वनस्पती जवळजवळ नाहीशा झाल्या. पुढची दोन-अडीच दशके तिथे तुरळक काड्यांखेरीज फारसे काही नव्हते. 1990 च्या सुमारास तुमच्यासारख्या एखाद्या समितीपुढे त्या जागेची फाइल आली असती तर ‘वनस्पती आढळली नाही’ हे वाक्य जवळपास खरे ठरले असते. 2000 नंतर ते पठार पुन्हा भरू लागले आणि आज ते त्या उपसागरातल्या मोठ्या कुरणांपैकी एक आहे.

त्याच किनाऱ्यावर, व्हर्जिनियाच्या समुद्राकडच्या खाड्यांची गोष्ट आणखी लांबलचक आहे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अटलांटिकच्या दोन्ही बाजूंनी ईलग्रासवर रोग आला. लॅबिरिंथुला नावाच्या सूक्ष्मजीवामुळे येणारा. बहुतेक ईलग्रास मेले. त्या पानांवरच जगणारी एक छोटी सागरी गोगलगाय त्यात कायमची नामशेष झाली. व्हर्जिनियात रोगापाठोपाठ 1933 चे चक्रीवादळ आले आणि खाड्या पार उघड्या पडल्या. तिथला स्कॅलप शिंपल्यांचा व्यवसाय बुडाला. त्यानंतर जवळजवळ 70 वर्षे त्या खाड्यांचा तळ म्हणजे कुठल्याही पाहणीत ‘वालुकामय’. मग एका खाडीत गवताचा छोटा पट्टा आपणहून उगवलेला सापडला, आणि लक्षात आले की इथे पाणी स्वच्छ आहे, उजेड पुरेसा आहे, फक्त बी पोचत नाही. 1999 पासून व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरिन सायन्सच्या मंडळींनी बी गोळा करून टाकायला घेतले. दोन दशकांत 7 कोटींहून अधिक बिया, 213 हेक्टरांवर. त्यांतून पसरलेले कुरण 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीत 3,612 हेक्टर होते.

आता कल्पना करा, त्या 70 वर्षांत कुणी ‘नाहीतरी काही नाहीच’ म्हणून त्या खाड्यांचा तळ उपसून खोल केला असता. बी टाकायला जागाच उरली नसती. कुणाचे काही गेले असे तेव्हा कुणालाही वाटले नसते.

उलट उदाहरणही सांगायला हवे, नाहीतर मी फक्त सोयीच्या गोष्टी सांगते असे होईल. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात तोच रोग आला आणि त्याच सुमारास, 1932 मध्ये, मोठे धरण बांधून आतला समुद्र तोडला गेला. प्रवाह बदलले, गढूळपणा बदलला. तिथले ओहोटीरेषेखालचे ईलग्रास त्यानंतर कधीच परतले नाही. तेव्हा प्रत्येक वाळूत कुरण दडलेले असते असे माझे म्हणणे नाही. काही वाळू ही खरोखर वाळूच असते, आणि तीही माशांना लागते. चपटे मासे तिच्यातच अंग पुरून बसतात. माझे म्हणणे एवढेच की कोणती वाळू कुठल्या प्रकारची, हे दोन दिवसांच्या डुबकीवरून ठरत नाही. ते पाण्याच्या खोलीवरून, तळाशी पोचणाऱ्या उजेडावरून, लाटांच्या मारावरून आणि त्या जागेच्या जुन्या नोंदींवरून ठरते.

हे मी काही नवीन काढलेले नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या मत्स्यनियमांत पाण्याखालच्या वनस्पतींच्या अधिवासाची जी व्याख्या आहे, तिच्यात आज झाडे असलेल्या जागा येतातच. पण गेल्या 10 वाढीच्या हंगामांत जिथे ती होती आणि जिथली खोली, उजेड आणि लाटांपासूनचा आडोसा अजून जुळतो, अशा जागाही येतात. म्हणजे पान दिसले नाही म्हणून जागेचा हक्क जात नाही. कॅलिफोर्नियात ईलग्राससाठी 2014 साली ठरलेल्या धोरणात कुरणाच्या कडेपासून 5 मीटरांपर्यंतचा उघडा तळही अधिवासात धरतात, आणि पाहणी वाढीच्या हंगामात करायला सांगतात. अमेरिकेच्या मत्स्यकायद्यात 1996 च्या दुरुस्तीने ‘माशांचा अत्यावश्यक अधिवास’ ही कल्पना आली, तिचीही शब्दरचना बघण्यासारखी आहे : अंडी घालायला, पैदाशीला, खायला आणि मोठे व्हायला माशांना लागणारे पाणी आणि तळ. शब्द ‘तळ’ आहे. तळावर त्या दिवशी काय दिसले, हा शब्द नाही. समर फ्लाउंडर नावाच्या चपट्या माशासाठी तर मध्य अटलांटिकच्या मत्स्य परिषदेने पाण्याखालच्या वनस्पतींचा कितीही लहान तुकडा विशेष महत्त्वाचा धरला आहे. भारताच्या किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांतही समुद्री गवताच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात आहेत. कायद्यांचा तुटवडा नाही. कायदा लागू व्हायला आधी नकाशावर गवत असावे लागते, आणि नकाशा त्या एका ओळीवरून बनतो.

आता माशांकडे येते. तुमच्यापैकी काहींना वाटत असेल की गवत वाचवायचे तर वाचवा, त्यात मासेमारीचा काय संबंध.

मासा आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ काढतो तो पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत. डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्ले प्रवाहाबरोबर किनाऱ्याकडे येतात आणि जिथे लपायला आणि खायला एकाच ठिकाणी मिळेल तिथे उतरतात. समुद्री गवताच्या पानांवर शेवाळाचा पातळ लेप असतो, त्या लेपावर बारीक कोळंबीसारखे जीव आणि गोगलगायी चरतात, आणि पिल्ले त्यांच्यावर जगतात. मोठा मासा आला की पानांमध्ये शिरायचे. एवढी सोपी व्यवस्था आहे. बोटुकली झाली, अंगात बळ आले, की ती कुरण सोडतात आणि खडकांकडे किंवा खोल पाण्याकडे निघून जातात. जाळ्यात सापडतात ती तिथे. त्यामुळे पकडीच्या नोंदवहीत गवताचे नाव कधीच येत नाही. मासा खडकावरचा म्हणून लिहिला जातो. गॅग ग्रुपर हा दणकट मासा त्याचे उत्तम उदाहरण : मोठेपणी दूरच्या खडकाळ तळावर, पण लहानपण उथळ पाण्यातल्या गवतात. अटलांटिक कॉडची पिल्ले ईलग्रासमध्ये वाढतात. पॅसिफिक हेरिंग तर अंडीच ईलग्रासच्या पानांवर चिकटवतो. जगातल्या सर्वांत मोठ्या 25 मासेमाऱ्यांपैकी एक पंचमांश या गवताच्या पाळणाघरावर विसंबून आहेत, असे 2020 च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालात म्हटले आहे.

इथे एक प्रामाणिक कबुली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमधले मत्स्यशास्त्रज्ञ पीटर्सन यांनी मांडले होते की डॅनिश समुद्रातले सगळे मत्स्यधन शेवटी ईलग्रासवर पोसले जाते. मग रोग आला, ईलग्रास गेले, आणि त्यांच्या मांडणीप्रमाणे मासेमारी जशी कोसळायला हवी होती तशी ती कोसळली नाही. माशांना दुसरे अन्नही होते. त्यामुळे ‘गवत गेले की उद्या मासे संपले’ असे जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून मीही जरा दूर राहते. पाळणाघर गेल्याचा परिणाम एका हंगामात दिसत नाही आणि सगळ्या जातींवर सारखा होत नाही. पण ज्या जातींची पिल्ले गवतातच उतरतात, त्यांना दुसरे घर नसते. आणि त्या जाती कोणत्या हे जवळपास प्रत्येक किनाऱ्यावरच्या मासेमाराला पाठ असते.

उलटा धागाही आहे, आणि तो मला फार विचार करायला लावतो. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर 1980 च्या दशकापासून ईलग्रास निम्म्याहून अधिक घटले. त्यामागे सांडपाण्याबरोबर कॉडचा अतिउपसाही होता. कॉड गेला, तेव्हा कॉड ज्यांना खायचा ते छोटे मासे आणि खेकडे माजले. त्यांनी पानांवर चरणारे बारीक जीव फस्त केले. पाने साफ करायला कुणी उरले नाही आणि शेवाळाने ती झाकून टाकली. म्हणजे गवत माशांना पोसते, तसेच मासे गवताला. मत्स्यव्यवसायाची फाइल एका खात्यात आणि तळाची दुसऱ्या खात्यात, ही तुमची विभागणी समुद्राला माहीत नाही.

आणि आता उजेड. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात एकच मोजमाप धरायचे झाले तर ते हे धरावे.

पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना पृष्ठभागावरच्या उजेडाचा 1 टक्का मिळाला तरी त्या तग धरतात. समुद्री गवताला सरासरी 11 टक्के लागतो. काही जातींना 20 टक्क्यांहून अधिक. कारण त्याला न दिसणारे अर्धे अंगही पोसायचे असते. वाळूखाली प्राणवायू नसतो, सल्फाइडचे विष असते. पाने दिवसभर प्राणवायू तयार करून मुळांपर्यंत पोचवतात तेव्हा कुठे मुळे जगतात. उजेड कमी झाला की आधी साठा संपतो, मग मुळे गुदमरतात, आणि पाने सर्वांत शेवटी जातात. वरून बघणाऱ्याला शेवटच्या आठवड्यापर्यंत सगळे ठीकच दिसते.

म्हणून गाळउपशाच्या कामात ‘उपसा गवतापासून अमुक मीटर दूर आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. उपसा दूर असतो. गढूळ पाणी दूर राहत नाही. ते आठवडेच्या आठवडे कुरणावर तरंगत राहते. ऑस्ट्रेलियात ग्लॅडस्टन बंदराच्या मोठ्या उपशाच्या वेळी वेगळी पद्धत वापरली. पाणी किती गढूळ एवढेच न मोजता, गवताच्या उंचीवर उजेडमापक ठेवले आणि तिथल्या जातीसाठी मर्यादा ठरवली : 14 दिवसांच्या सरत्या सरासरीने दिवसाला दर चौरस मीटरमागे 6 मोल प्रकाशकण (मोल हे कण मोजायचे एकक). वाढीच्या हंगामात आकडा त्याखाली घसरू लागला की उपशाच्या कामात बदल करायचा. मर्यादा झाडाच्या गरजेवरून काढलेली, यंत्राच्या सोयीवरून नाही. दुसऱ्या जातीला, दुसऱ्या पाण्याला हा आकडा चालणार नाही, तिथला तिथे काढावा लागेल. पण ही रीत कुठेही चालेल, आणि उजेडमापक ही काही दुर्मिळ वस्तू राहिलेली नाही.

उजेडाची आणखी एक खोच आहे. दाट कुरण पाण्याचा वेग कमी करते, त्यामुळे गाळ खाली बसतो, त्यामुळे पाणी नितळ राहते, त्यामुळे कुरणाला उजेड मिळतो. कुरण स्वतःची खिडकी स्वतःच पुसत असते. ते काढून टाकले की वाळू मोकळी होते, प्रत्येक लाटेबरोबर उसळते, पाणी गढूळ होते आणि मग तिथे टाकलेले बीही रुजत नाही. नुकसान पायरी-पायरीने होते, भरून येताना मात्र कडा चढावा लागतो. ‘काम संपल्यावर पुन्हा लावून देऊ’ या हमीचे वजन यावरून ठरवा.

त्या हमीबद्दल दोन शब्द स्पष्टच बोलते. जगभरातल्या 1,786 पुनर्लागवडींचा आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लावलेल्यांपैकी जगण्याचे प्रमाण 37 टक्के निघाले. मोठ्या प्रमाणावर, लाखभर रोपे किंवा बिया टाकून केलेले प्रयोग जास्त टिकले. छोटे छोटे बहुतेक वाहून गेले. व्हर्जिनियाचे यश खरे आहे, पण तिथे पाणी आधीच नितळ होते आणि कुणीही तळ उपसलेला नव्हता. तुमच्यासमोर येणारी हमी नेमकी उलटी असते : चांगली जागा आम्ही घेतो, बदल्यात बाजूच्या जागेत लावून देतो. बाजूची जागा चांगली असती तर तिथे गवत आधीच उगवले नसते का? पोसिडोनियाचे आडवे खोड वर्षाला काही सेंटिमीटरच सरकते. हेक्टरभर गेले तर भरून यायला किती पिढ्या जातील, याचा हिशेब सदस्यांनी पेन्सिलने समासात करून बघावा.

सांडपाण्याचे प्रकरण तुमच्या कक्षेबाहेरचे आहे असे तुम्ही म्हणाल. अंशतः खरे. तरी फ्लोरिडातली दोन नावे लक्षात ठेवा. टाम्पा बेमध्ये 1950 ते 1982 या काळात निम्म्याच्या आसपास गवत गेले होते; सांडपाण्यातला नायट्रोजन वर्षानुवर्षे कमी करत नेल्यावर 2014 मध्ये ते सुमारे 16,300 हेक्टरांवर, जवळपास जुन्या पातळीला आले. 2016 नंतर ते पुन्हा घसरू लागले, म्हणजे राखण कधी सुटत नाही. दुसरे नाव इंडियन रिव्हर लगून. तिथे 2011 पासून शेवाळाच्या लाटांनी पाणी झाकले आणि गवताचा मोठा भाग मेला. 2021 मध्ये फ्लोरिडात 1,100 मॅनेटी (गवतावर जगणारे मोठे सागरी सस्तन प्राणी) मेल्या, त्यांतल्या पुष्कळ भुकेने. त्या हिवाळ्यात सरकारी कर्मचारी समुद्रातल्या प्राण्यांना लेट्यूसची पाने टाकत होते. माशांच्या पिल्लांना तेवढेही कुणी टाकले नाही. ती किती होती आणि किती उरली हे मोजायला दिसायला तर हवीत.

नांगर, बोयांच्या साखळ्या, जेट्टीच्या फळ्या या गोष्टी किरकोळ वाटतात म्हणून झटपट सांगते. तळाशी लोळणारी साखळी प्रत्येक वाऱ्याबरोबर फिरून गवतात वाटोळा चट्टा पाडते. साखळी तळाला टेकू न देणारे लवचीक दोर आणि तरंगते बोये उपलब्ध आहेत. जेट्टी उंच, उत्तर-दक्षिण आणि जाळीदार फळ्यांची केली तर खालच्या गवताला उजेड मिळतो. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी 2018 मध्ये पोसिडोनियावर नांगर टाकायलाच बंदी केली, आणि पर्यटक यायचे काही थांबले नाहीत. या अटी घालायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

कार्बनबद्दल मी मुद्दाम काही लिहिलेले नाही. गवताच्या गाळात कार्बन साठतो हे खरे आहे, पण हल्ली प्रत्येक कुरणाच्या गळ्यात कार्बनच्या दराची पाटी अडकवायची जी घाई चालली आहे, तिच्यात मासे मागे पडतात. मासे पुरेसे कारण आहेत.

‘मग काय, समुद्रात काहीच बांधायचे नाही?’ हा प्रश्न प्रत्येक सुनावणीत कुणीतरी विचारतो, आणि तो विचारणारा नेहमीच खलनायक नसतो. बंदरे लागतात. गाळ काढावाच लागतो. मासेमारांच्या होड्यांनाही वाट लागते. मी कामे अडवा म्हणत नाही. ‘आढळली नाही’ या शब्दांखाली जे न पाहिलेले आहे ते पाहिलेले म्हणून जमा करू नका, एवढेच म्हणते. जगातल्या ज्ञात समुद्री गवतापैकी 29 टक्के क्षेत्र 1879 पासून नाहीसे झाल्याचा हिशेब 2009 मध्ये मांडला गेला होता. त्यात शब्द ‘ज्ञात’ आहे. जे कुणी नोंदलेच नाही ते या हिशेबातही नाही, आणि तुमच्या फायलींतून जाते ते बहुतेक याच जातीचे.

म्हणून विनंती. तळाची पाहणी त्या जागेच्या वाढीच्या हंगामात झालेली नसेल तर अहवाल परत पाठवा. आणि एकाच नव्हे, शक्य तर दोन हंगामांची मागा. वाळूत बी आणि जिवंत खोडे आहेत का हे चाळून पाहिले का, ते विचारा. त्याला एक चाळणी आणि थोडा धीर एवढेच लागते. तळाशी उजेड किती पोचतो याचा आकडा अहवालात नसेल तर ‘वनस्पती नाही’ हे वाक्य अपुरे समजा. जुनी हवाई छायाचित्रे आणि उपग्रहचित्रे काढायला लावा. उजेड आणि खोली जुळत असेल आणि पूर्वी कधी गवत होते असा पुरावा असेल, तर ती जागा आज रिकामी असली तरी कुरण म्हणूनच धरा.

आणि त्या पाण्यात आयुष्य काढलेल्या मासेमारांना सुनावणीच्या शेवटच्या पाच मिनिटांत नव्हे, पाहणीच्या आधी विचारा. गवत कुठे होते, कुठल्या वर्षी गेले, पिल्ले कुठे दिसतात, जाळ्याला हिरवी पाने कुठल्या महिन्यात लागतात. त्यांच्या सगळ्याच आठवणी बरोबर नसतील, पण त्या दोन दिवसांच्या नक्कीच नाहीत.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या कागदांत ती ओळ असेलच. ती सापडली की कृपा करून परिशिष्टातली तारीख बघा.

आपली नम्र,
अहवालांची परिशिष्टे वाचणारी एक नागरिक